पाठीवरची ढाल

मित्रांनो, मी एक जुनी ढाल आहे, आणि आज माझं डोकं जाम तापलेलं आहे. म्हणाल, ढालीला कुठलं आलंय डोकं? नसेना का. तापायचं ते तापलंच आहे. सगळं ऐकलंत तर तुमचंही तापेल.

मी खरीखुरी नाही, हे आधीच सांगून टाकते. मी एका ऑनलाइन गेममधली ढाल आहे. राक्षस, किल्ले, जादू असला गेम. माझा जन्म त्यातल्याच एका लोहाराच्या भट्टीत झाला. बारा लोखंडी पट्ट्या, सहा रानडुकरांची कातडी आणि एक तांब्याची कडी एवढं साहित्य लागलं. ते गोळा करायला माझ्या मालकाला तीन रविवार लागले. माझ्यावर आकडे कोरलेले आहेत : बचाव एकशे चाळीस, मारा शून्य. हो, शून्य! मी कुणाला मारत नाही. माझं काम मार खाण्याचं आहे, आणि ते मी इमानेइतबारे केलं.

माझा मालक वेल्डर आहे. दिवसभर फाटकं, जाळ्या, जिने जोडतो. तो त्याच्या मावशीकडे राहतो, म्हणून आपण त्याला भाचाच म्हणू. मावशी तीस वर्षं दवाखान्यात नर्स होती. आता गुडघ्यांनी संप पुकारलाय, त्यामुळे तिला जिना उतरणं होत नाही. खिडकीजवळ तिची खुर्ची, खुर्चीत दोन उश्या, बाजूला थर्मास, मलमाची ट्यूब आणि समोर संगणक. भाचा त्याच खोलीत दुसऱ्या भिंतीला बसतो. पडद्याच्या आतून मला दोघं अगदी स्वच्छ दिसतात.

गेममध्येही मावशी जखमा बऱ्या करायचं कामच घेऊन बसली. तिचं पात्र म्हणजे पांढऱ्या झग्यातली एक ठेंगणी बाई. नाव ठेवलं सिस्टर. सात वर्षं ती सिस्टर त्या जगात चालली, पळाली, डोंगर चढली. नवशिके खेळाडू डुकरांच्या धडका खाऊन वेशीपाशी पडलेले असत, त्यांना ही न सांगता बरं करायची. अनोळखी लोक वाट वाकडी करून "सिस्टर, नमस्कार" म्हणत. ज्या बाईला खोलीबाहेर फारसं कुणी भेटत नव्हतं, तिला तिथे सगळं गाव ओळखत होतं.

तिसरी होती चष्मेवाली. तिचं चष्म्यांचं दुकान आहे. गिऱ्हाईक नसलं की ती दुकानातूनच खेळते, तिरंदाज म्हणून. नेम धारदार आणि जीभ त्याहून.

सुरुवातीची दोन वर्षं माझी चैन होती. मी पुढे, मागे सिस्टर, तिच्या मागे चष्मेवाली. मावशी म्हणायची, "ढाल पुढे असली की मला निवांत काम करता येतं बाई." मी फुशारून जायची. खोटं कशाला बोलू, तेव्हा आमच्याकडूनही अतिरेक झाला. भाच्याने अंगभर लोखंड चढवलं. चिलखत बचावाचं, बूट बचावाचे, अंगठीसुद्धा बचावाची. हातात तलवार होती, पण ती भाजी चिरायच्या लायकीची. एका अस्वलाशी आम्ही पाऊण तास झुंजलो. अस्वलाला भाचा इतका निरुपद्रवी वाटला, की ते त्याला ओलांडून सरळ चष्मेवालीच्या अंगावर गेलं.

"अरे, तू लढायला आलायस की कपाट म्हणून उभा राहायला?" चष्मेवाली हेडफोनमधून ओरडली. मावशीला हसता हसता ठसका लागला.

चूक आमचीच होती, मान्य. त्यावर उपाय सोपा होता : थोडं लोखंड उतरव, तलवार बरी घे. पण भाच्याने एक टोक सोडलं ते थेट दुसरं गाठायला. आणि हे सगळं झालं त्या मेल्या पुतळ्यामुळे!

गावच्या तालमीत एक लाकडी पुतळा आहे. त्याच्यावर वार केला की डोक्यावर आकडा उमटतो, किती जोरात लागलं त्याचा. भाचा रविवारची अख्खी दुपार त्याच्यापुढे काढू लागला. कुठलंही सामान आणलं की पुतळ्यावर वाजवून बघायचं. आकडा वाढला तर ठेवायचं, नाही वाढला तर काढायचं. आता पुतळ्यापुढे मला धरून काय होणार? आकडा जिथल्या तिथेच. मग तो माझ्याकडे बघून म्हणाला, "हिचा काही उपयोग नाही." अरे शहाण्या, तो पुतळा उलटून मारत नाही! जो मारतच नाही, त्याच्यासमोर ढालीची परीक्षा कशी घेशील? पण माझं ऐकतो कोण.

त्याने दोन्ही हातांनी धरायची लांबलचक तलवार घेतली. दोन्ही हात अडकल्यावर ढाल कुठे धरणार? माझी रवानगी कोठारात झाली. पाठोपाठ चिलखत आलं, शिरस्त्राण आलं. त्यांच्या जागी आली चामड्याची पट्टी आणि कपाळावर एक पितळी पट्टा. मारा तीन हजार, बचाव नव्वद! लढाई संपली की एक फलक झळकतो. कोणी किती घाव घातले, ते त्यावर येतं. भाच्याचं नाव पहिलं येऊ लागलं. लोक वाहवा करू लागले. त्या फलकावर अडवलेल्या घावांचा रकानाच नाही, मित्रांनो. बऱ्या केलेल्या जखमांचाही नाही. मावशीचं नाव नेहमी तळाला. जीव धोक्यात घालून हा तळपत राहायचा आणि तो जीव मावशी जागच्या जागी शिवत बसायची.

मग राखकोट उघडला. हा किल्ला वर्षातून आठ दिवसच उघडतो, आणि त्याचा नियम क्रूर आहे. आत जो पडला, तो कायमचा पुसला जातो. पात्र जातं, नावही जातं, पुन्हा मिळत नाही. भाच्याला जायचंच होतं. मावशी नको म्हणत होती.

"मावशी, तुझ्याशिवाय नाही गं जमायचं," त्याने लाडीगोडी लावली.

"सात वर्षांची आहे रे माझी सिस्टर. तिला काही झालं तर या खुर्चीत बसून मी करू काय?"

"काही होत नाही. मी आहे ना."

"मग ढाल घेऊन येणार असशील तर येते. नाहीतर तुझा तू जा."

"घेतो गं, घेतो. शप्पथ."

आणि घेतली की त्याने! कोठारातून काढलं, तेव्हा मला वाटलं, चला, आले आपले दिवस. त्याने मला पिशवीत घातलं, पिशवी पाठीवर टाकली आणि हातात तीच लांब तलवार. ढाल 'घेतो' म्हणाला होता, 'धरतो' कुठे म्हणाला होता! आणि लढाईला तोंड लागलं की त्या किल्ल्यात सामान बदलता येत नाही. हे त्याला माहीत होतं.

आतला रखवालदार ताडमाड, हातात लोखंडी घण. वरून तापलेली राख सगळ्यांवर पडत होती. घणाचा एक तडाखा बसला की भाच्याचा तीन चतुर्थांश जीव जायचा. मी असते तर पाव गेला असता. मावशी प्रत्येक तडाख्याला त्याला सावरत होती. त्यात तिची सगळी शक्ती खर्ची पडत होती आणि राखेने ती स्वतः भाजत होती. मी पाठीवर बसून हे बघत होते. ज्या जागेसाठी माझा जन्म, ती जागा माझ्यापासून एका हातावर होती.

"अरे, सिस्टरकडे बघ! जळतीय ती!" चष्मेवाली किंचाळली. "मागे हो, रखवालदाराला दारातून बाहेर ओढ, तिथे राख नाही!"

"थांबा, दहाच टक्के जीव राहिलाय त्याचा!"

मावशीकडे शेवटचा एक मंत्र उरला होता. भाचाही मरायला टेकला होता आणि तीही. मी तिला पडद्याबाहेर बघितलं. तिने एकदा भिंतीकडे तोंड करून पाठमोऱ्या बसलेल्या भाच्याकडे पाहिलं आणि मंत्र त्याच्यावर टाकला.

सिस्टर पडली. त्यानंतर चार वारांत रखवालदार कोसळला. नगारे वाजले, फलक झळकला. भाच्याचं नाव पहिलं. मावशीचं नाव आधी करडं झालं, मग दिसेनासंच झालं.

तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवले. "जिंकलास ना? छान झालं," म्हणाली.

"मावशी, मी ढाल आणली होती गं..."

"आणली होतीस. पाठीवर." तिचा आवाज चढला नाही. "कामावर तोंडाचा मुखवटा पाठीला लटकवून वेल्डिंग करतोस का रे? स्वतःचे डोळे बरे सांभाळता येतात तुला!"

त्याने गेमवाल्यांना चार पत्रं लिहिली. चारही वेळा तेच छापील उत्तर आलं, की नियम म्हणजे नियम. दोन रविवार मावशीने संगणक उघडला नाही. नुसती खिडकीतून खाली बघत बसायची.

तिसऱ्या रविवारी ती पुन्हा बसली. सिस्टर हे नाव गेमने दिलं नाही. तिने 'नवी' असं नाव ठेवलं. पहिली लेव्हल, अंगावर जाडाभरडा झगा, हातात काठी. वेशीपाशी येणारेजाणारे तिच्याकडे न बघता पुढे जात होते. जिने त्यांच्यातल्या निम्म्यांना मातीतून उचललं होतं, तिला एकाने साधा नमस्कार केला नाही. माझा नुसता संताप झाला.

भाच्याने मला हातात घेतलं. दुसऱ्या हातात आखूड, पण धारदार तलवार. चिलखत अर्धं बचावाचं, अर्धं माऱ्याचं. सवयीने तो पुतळ्याकडे वळला.

"पुतळा राहू दे," मावशी म्हणाली. "चष्मेवाले, याला तू मार. किती बाणांत पडतो ते बघू. तालमीत कुणी मरत नाही."

"दोन रविवार वाट बघतेय," चष्मेवाली म्हणाली आणि तिने पहिला बाण सोडला.

पूर्वीच्या थाटात तो चौथ्या बाणाला पडला असता. त्या दिवशी सत्तावीस बाण लागले. त्यातले वीस मी खाल्ले, हे मुद्दाम सांगते, कारण फलकावर ते कुठेही दिसणार नाही. आता नवीन सामान आलं की आमच्याकडे हीच रीत आहे. आधी बाण खायचे, मग पुतळ्याला मारायचं. फलकावर भाचा तिसरा-चौथा येतो. लोक "कासव आलं, कासव" म्हणून चिडवतात. चिडवू देत.

मी त्याला माफ केलंय का? नाही केलं. मावशीने केलंय, तो तिचा मोठेपणा. मी लोखंडाची आहे.

म्हणून सांगते, मित्रांनो, आपल्या योद्ध्याला तलवार द्या, चांगली धारदार द्या. पण हातात काय द्यायचं हे ठरवताना पुढच्या शत्रूकडे बघता, तसं एकदा मागे वळूनही बघा. मागे कुणीतरी उभं असतं. आमच्या मागे आत्ता जाड्याभरड्या झग्यातली एक म्हातारी काठी टेकत येतेय, आणि समोरून रानडुक्कर सुटलंय. या वेळी मी हातात आहे.