धोंड्याच्या महिन्यातला सायलेन्सर

धुळ्यात आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत अभिमन मिस्तरीचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, वर पत्रा, खाली ऑइल प्यालेली माती आणि मध्ये वेल्डिंगचं मशीन. पण कान फोडणाऱ्या गाड्या साक्रीहून, शिंदखेड्याहून, थेट शिरपूरहून त्याच्याकडे येत. हल्लीची पोरं बाजारातून रिकाम्या नळकांड्यासारखे सायलेन्सर आणून बसवतात, महिनाभर गावाची झोप उडवत फिरतात आणि पोलिसांनी धरलं की शेपूट घालून मिस्तरीच्या दारात उभी राहतात. आवाज वाढवायला अक्कल लागत नाही, असं अभिमन त्यांना तोंडावर सांगे. वाढवायचं काम त्याने जन्मात केलं नाही. कमी करायचं मात्र त्याच्यासारखं पंचक्रोशीत कुणी करत नसे, आणि ही गोष्ट सगळ्यात जास्त त्याला स्वतःलाच माहीत होती.

त्याला एकुलती एक मुलगी, रत्ना. बारावी झाली आणि चोपड्याजवळच्या एका गावात दिली. घर चांगलं होतं, केळीची बागायत होती, जावई हितेंद्र दिसायला रुबाबदार होता. लग्नाला चार वर्षं झाली. दीड वर्षापूर्वी रत्नाचा फोन विहिरीत पडला म्हणे, तेव्हापासून ती सासूच्या साध्या फोनवरून बोले. रोज दुपारी तीनला फोन यायचा. दोन-चार वाक्यं झाली की तिकडून लांबवर बुलेटचा धडधडाट यायचा आणि रत्ना म्हणायची, "ठेवते, आबा." अभिमन समोरच्या गिऱ्हाइकाला कौतुकाने सांगायचा, आमच्या जावयाची बुलेट आहे, जळगावहून सायलेन्सर टाकून आणलाय, असलं भिकार काम मी केलं नसतं. गिऱ्हाईक हसायचं.

मागच्या वर्षी दिवाळीआधी रत्ना एकटीच एसटीने आली होती. गाल सुजलेला होता. चार दिवस राहिली. अभिमनची बायको पुष्पाबाई म्हणाली, राहू द्या तिला. पण पाचव्या दिवशी अभिमननेच तिला नेऊन सोडलं. जाताना किलोभर पेढे घेतले. वाटेत तिला समजावलं की माणूस तापट आहे, मनाचा वाईट नाही, जरा सांभाळून घे. रत्ना खिडकीतून बाहेर बघत राहिली. आपण बाप म्हणून शहाणपणाने वागलो, असं त्याला तेव्हा वाटलं होतं. हे इथेच सांगून टाकतो, म्हणजे पुढे त्याची कीव करायला कुणी घाई करणार नाही.

यंदा अधिक महिना आला, आपला धोंड्याचा महिना. जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे आणि काही ना काही वाण द्यायचं. हितेंद्र रत्नाला घेऊन बुलेटवरून आला, तो गल्लीच्या तोंडाशी होता तेव्हाच चार घरांतली माणसं बाहेर आली. पुष्पाबाईने ओवाळलं, अनारसे दिले, कपडे दिले. अभिमनने विचारलं, आणखी काय हवं ते सांगा. जावई आधी नको नको म्हणाला. मग म्हणाला, जळगावला पोलिसांनी दोनदा धरलं, आता तिसऱ्यांदा सापडलो तर सायलेन्सर काढून रोलरखाली घालतील. तेव्हा बाहेरून दिसायला हाच राहावा, पण आवाज येऊ नये असं काही जमेल का?

अभिमनला केवढा आनंद झाला! चार वर्षांत जावयाने पहिल्यांदा त्याच्या हातचं काही मागितलं होतं. दोन दिवस त्याने बाकीची कामं बाजूला सारली. सायलेन्सर कापून उघडला. आत नुसती पोकळी होती, हवा यायची आणि बोंबलत बाहेर जायची. त्याने बारीक भोकं पाडलेली एक नळी बनवली, तिच्याभोवती काचेची लोकर घट्ट गुंडाळली, वरून जाळी ओढली, आणि ही अख्खी नळी मागच्या तोंडातून आत सरकवून एका बोल्टवर बसवली. लोकर वर्षा-दोन वर्षांत जळते, ती बदलायला बरं म्हणून बोल्ट. वेल्डिंग घासून असं साफ केलं की कापल्याची खूणसुद्धा राहिली नाही.

हे काम चालू असतानाच, दुसऱ्या दिवशी दुपारी रत्ना डबा घेऊन दुकानात आली. एकटीच होती. त्याच्या हातातली नळी बराच वेळ बघत राहिली आणि तिने विचारलं, याने आवाज किती लांबून ऐकू येईल? अभिमन म्हणाला, लांबून कसला, गाडी दारात येऊन उभी राहिली तरी कळणार नाही.

"आबा, इतका नका कमी करू," ती म्हणाली. "घरातून ऐकू येईल एवढा तरी राहू द्या."

अभिमनला हसू आलं. चार वर्षं झाली तरी पोरीला नवऱ्याच्या येण्याची चाहूल हवी असते! त्याने तिच्या डोक्यावर काळ्या हाताने टपली मारली आणि म्हणाला, मिस्तरीची लेक असून अर्धवट काम सांगतेस होय?  ती डबा सोडून, पोळी-भाजी मांडून, तो जेवेपर्यंत बाकड्यावर बसून राहिली. रात्री त्याने ही गंमत पुष्पाबाईला सांगितली. पुष्पाबाई हसली नाही. तेव्हाही त्याच्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

जावई-लेक परत गेले. गल्लीतून बुलेट निघाली तेव्हा फक्त पोटात घुमल्यासारखं काहीतरी ऐकू आलं, आणि अभिमन कॉलर ताठ करून आत गेला.

त्यानंतर तीनला फोन आला तो एकदाच. रत्ना आईच्या गुडघ्याचं विचारत होती. बोलता बोलता मध्येच थांबली, "ठेवते" म्हणाली नाही. फोन कुठेतरी आदळल्याचा आवाज झाला आणि लाइन गेली. दुसऱ्या दिवशी तीन वाजून गेले. तिसऱ्या दिवशीही. अभिमनने फोन लावला तर बंद. जावयाला लावला तर तो गोड बोलला, आईचा फोन बिघडलाय, रत्ना कामात आहे, मजेत आहे. असे बारा दिवस गेले. तेराव्या दिवशी पुष्पाबाईने त्याच्यापुढे चहा ठेवलाच नाही. म्हणाली, आधी जाऊन या.

तो पान्यांची पिशवी घेऊन निघाला. पिशवी कशाला, तर जावयाने विचारलं की अचानक कसे आलात, तर सांगायला कारण हवं. पोरीला बघायला आलो, हे कारण त्याला पुरेसं वाटलं नाही. अमळनेरला बस बदलून तो दुपारी गावात पोहोचला.

ओट्यावर रत्नाची सासू धुरपदाबाई शेंगा फोडत बसली होती. तिच्या कपाळावर भुवईजवळ खपली होती. आतून रत्ना आली, तिच्या डाव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत प्लास्टर होतं. न्हाणीत घसरले, असं तिने विचारायच्या आधीच सांगितलं. अभिमन खाली बसला. रत्ना पाणी आणायला आत गेली तेवढ्यात म्हातारीने सुपातून मान वर न करता बोलायला सुरुवात केली.

"भाऊ, तो गाडीना आवाज आमना पहारा व्हता," ती म्हणाली. "त्या वळणवर गाडी वाजे, तवय आम्हले समजे. आते तो मांगे यी उभा राहस, तरी समजत नही."

मग तिने सगळं सांगितलं. रत्नाचा फोन विहिरीत पडला नव्हता, हितेंद्रनेच फोडला होता. माहेरी बोलायचं नाही, शेजारी बसायचं नाही, म्हातारीनेही सुनेशी गुलूगुलू करायचं नाही. बाहेर कुणाशी वाजलं की राग घरात निघायचा, बायकोवर आणि कधी आईवरही. पण पाटाच्या वळणापासून घरापर्यंत बुलेटला दोन मिनिटं लागत. तेवढ्यात फोन ज्वारीच्या कोठीत जायचा, शेजारीण मागच्या दाराने पळायची, रत्ना चुलीपाशी आणि म्हातारी ओट्यावर जायची. दीड वर्ष दोघींनी त्या दोन मिनिटांवर काढलं होतं. धोंडे खाऊन परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी रत्ना फोनवर बोलत असताना तो पाठीमागे येऊन उभा होता.

 रोज फोनमध्ये ती बुलेट अभिमनने ऐकली होती. नळीचं भोक किती सुताचं आहे हे आवाजावरून सांगणारा माणूस तो, आणि पोरगी फोन का ठेवते हे त्याला कळलं नव्हतं. की कळून घ्यायचं नव्हतं? त्याला स्वतःची शिसारी आली.

म्हातारी एकाएकी गप्प झाली. अभिमनने वळून पाहिलं तर हितेंद्र अंगणात बुलेट स्टँडला लावत होता. गाडी कधी आली हे त्यालासुद्धा कळलं नव्हतं.

हितेंद्रने वाकून नमस्कार केला. खुशीत होता.

"मामा, काम एक नंबर शे," तो म्हणाला. "दारमा येस तरी कुत्रं बी भुकत नही. आते घरमा काय चालस, बठ्ठं समजस."

घरातलं सगळं आता कळतं, हे तो म्हातारीकडे बघून म्हणाला. अभिमनच्या तोंडाशी खूप काही आलं. पण तोंडातून निघालं ते एवढंच, की जावईबापू, नवी लोकर असते, एकदा तपासावी लागते, म्हणूनच आलोय. हितेंद्र म्हणाला, तपासा की. केळीचा ट्रक भरायचा होता, मित्र बोलवायला आला होता. बुलेटची चावी अभिमनकडे देऊन तो मित्राच्या गाडीवर मागे बसून निघून गेला.

अभिमनने बुलेट काढली आणि पाटाच्या पलीकडे, बागेच्या सावलीत नेऊन उभी केली. बोल्ट काढला, नळी ओढून पिशवीत टाकली. किक मारली तशी गाडी पहिल्यासारखी बोंबलली, केळीच्या पानांवरचे बगळे उडाले. आयुष्यात पहिल्यांदा त्याने एखाद्या गाडीचा आवाज वाढवला होता, आणि त्याला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. पोरीची दोन मिनिटं तिला परत दिली, लोकर जळाली म्हणून सांगू, नवी मिळत नाही म्हणू, बघू पुढचं पुढे, असं घोकत तो वळणावरून गावात शिरला.

अंगणात पोहोचला तेव्हा ओट्यावर सूप उपडं पडलं होतं, शेंगा सांडल्या होत्या. म्हातारी पदर डोक्यावर ओढून भिंतीला चिकटून बसली होती. रत्ना दारात पाण्याचा तांब्या धरून उभी होती, मान खाली, एका हातात तांब्या नीट पेलत नव्हता म्हणून प्लास्टरचा हात खाली लावलेला. नवऱ्याने वाटेतच गाडी परत घेतली असं त्यांना वाटलं असणार. कोण आलंय हे तिने वर बघितलंही नाही. तांब्या नुसता पुढे केला.

"रत्ना, मी आहे," अभिमन म्हणाला.

तिने वर बघितलं. तिला आधी कळेना. मग तिने बुलेटकडे पाहिलं आणि तिचा चेहरा आणखीच उतरला. ती म्हणाली, आबा, संध्याकाळी ते विचारतील हा आवाज परत कुणी करायला लावला. तुम्ही तर चारच्या गाडीने जाल.

हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

धुरपदाबाई भिंतीला धरून उठली. आत गेली आणि एक कापडी पिशवी घेऊन बाहेर आली. पिशवी भरलेली होती, आताची नव्हे, बरेच दिवस भरून ठेवलेली असावी. तिने ती अभिमनच्या पायाशी ठेवली.

"लई जा तिले, भाऊ," ती म्हणाली. "मनं काय व्हई ते व्हई."

आणि अभिमन जागीच उभा राहिला. फार वेळ नाही. दुसऱ्यांदा परत आलेली लेक, गल्लीतली तोंडं, जावयाचा फोन, याच्यानंतर समाजात कुणाच्या लग्नाला कसं जायचं, हे सगळं त्याच्या मनातून एका दमात जाऊन आलं. पुष्पाबाई काय म्हणेल हे त्याला माहीत होतं, तरी ते सगळ्यात शेवटी आठवलं. मग तो म्हणाला, "चल."

पण रत्ना त्याच्या तोंडाकडेच बघत होती. तिने सगळं वाचलं होतं. ती खाली वाकली, पिशवी उचलली आणि आत ठेवून आली.

"आबा, आता चल म्हणाल आणि पाचव्या दिवशी परत आणून सोडाल," ती म्हणाली. रागाने नाही, हिशेब माहीत असलेल्या माणसासारखी म्हणाली. "ती नळी परत बसवून द्या. ते यायच्या आत."

त्याने दोनदा सांगितलं की या वेळी तसं नाही करणार. तिने मान हलवली आणि सांडलेल्या शेंगा एका हाताने गोळा करायला बसली. म्हातारी त्याच्याकडे बघेना.

अभिमनने पान्यांची पिशवी उघडली. अंगणात उकिडवं बसून त्याने नळी आत सरकवली, बोल्ट आवळला. गाडी सुरू करून कान लावला. काम नेहमीसारखं चोख झालं होतं.