आप्पांचा रुमाल

तेजश्रीनं पाचव्यांदा तोच गोंधळ घातला. निमोण्याची ही पोरगी तीन महिन्यांपूर्वी शिरूरच्या एका वर्कशॉपात पॅकिंगवरून ड्रिलवर आली होती. आज मालक रविराजदादांनी सरळ सांगून टाकलं होतं: अ‍ॅल्युमिनियमच्या प्लेटमध्ये बारा भोकं, बाराही स्क्रूंची डोकी प्लेटच्या बरोबरीत. संध्याकाळी मी नख फिरवणार. अडकलं, तर उद्यापासून पुन्हा पॅकिंग.

भोकं तर सरळ पडली होती. घोडं अडलं होतं काउंटरसिंकवर, म्हणजे स्क्रूचं डोकं आत बसावं म्हणून भोकाचं तोंड उतरतं रुंद करण्यावर. भंगारातल्या तुकड्यावर तिनं वेग वाढवला, जोर वाढवला. दर वेळी तोंडाला चकलीसारखे कंगोरे. आता रडायचंच बाकी होतं.

कोपऱ्यात एबनेझर आप्पा बसले होते. मिशनच्या शाळेत चाळीस वर्षं फिटरकाम शिकवलेले, रविराजदादांचेही गुरू. काचबिंदूनं नजर गेली, तरी सवयीनं रोज यायचे. मशीनची थरथर ऐकून त्यांनी चर्चला न्यायचा इस्त्रीचा रुमाल काढला, आणि बोटाएवढा तुकडा कापून, रॉकेलात बुडवून भोकावर ठेव म्हणाले.

तेजश्री दचकली. ड्रिलजवळ चिंधीसुद्धा नको, हा इथला पहिला धडा, आणि तो आप्पांनीच दिलेला.

"बटण बंद कर आन् पुली हातानं फिरव," आप्पा म्हणाले. "बंद मशीन कुणाला खात न्हाई."

तिनं बिट चिंधीवर टेकवून पुली फिरवली. मधल्या चिंधीनं थरथर गिळली, किंचाळणंही नाही. चिंधी उचलली आणि ती बघतच राहिली. भोकाचं तोंड घासलेल्या वाटीसारखं लख्ख. अंगावर काटा आला तिच्या. एवढी मोठी विद्या या माणसाच्या खिशात घडी घालून पडली होती, आणि आपण त्यांना रोज नुसता चहा देत होतो! प्लेटचं बारावं भोक होईपर्यंत अर्धा रुमाल संपला.

संध्याकाळी रविराजदादांचं नख बाराही डोक्यांच्या कडांवरून फिरलं. कुठंच अडलं नाही. त्यांनी प्लेटकडे पाहिलं, मग आप्पांकडे.

"आप्पा, खरं सांगा. हे तुम्ही केलंत ना?"

आप्पांनी उरलेला रुमाल खिशात घातला. "मला प्लेट कुठं हाय तेच दिसत न्हाई, रविराज. तिचं हात बघ."

तेजश्रीनं तळवे पुढे केले. पुलीनं काळे पडलेले, दोन ठिकाणी सोललेले. रविराजदादांनी आत जाऊन दुसरी कोरी प्लेट आणली आणि तिच्या ड्रिलखाली ठेवली.