लालासाहेबांच्या सभेतला माईक

मित्रांनो, मी एक जुना माईक आहे. माझा जन्म कारखान्यात झाला, पण घर मिळाले ते पलूसला, निजामभाईंच्या मंडपाच्या दुकानात. बारशी, लग्ने, उरूस, कुस्त्यांची मैदाने, सगळीकडे मी जात असे. परत आलो की निजामभाईंची पत्नी अख्तरबी मला मऊ फडक्याने पुसून पेटीत ठेवी.

लालासाहेब तेव्हा राजकारणात नवे होते. जवळच्या एका गावात ओढ्यावर पूल नव्हता. पावसाळ्यात पलीकडच्या वस्तीवरची मुले शाळेला मुकत, आजारी माणसाला बाजेवर घालून आणावे लागे. लालासाहेब ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभे राहिले, मला हातात घेतले आणि म्हणाले, "गड्यांनो, पूल झाल्याबिगर मी गप बसायचा न्हाई!" त्यांच्या तळहाताला घट्टे होते. मित्रांनो, मी पुष्कळ हात ओळखतो. तो हात खोटा नव्हता. पुलासाठी ते रस्त्यावर बसले, पोलिसांच्या काठ्याही खाल्ल्या. लोकांनी त्यांना आमदार केले. पुढे ते राज्यमंत्री झाले.

मग हात मऊ झाला, बोटांत अंगठ्या आल्या. पुलाच्या भूमिपूजनाला त्यांनी मला तळहाताने झाकले आणि आपल्या ठेकेदार मेव्हण्याला हळूच सांगितले, "नानासो, सिमेंटात हात आखडता घे. वरनं रंग झकास दे." माझे बटण बंद होते. मी सारे ऐकले, पण लोकांपर्यंत पोहोचवू शकलो नाही. मग बटण सुरू झाले, भाषण झाले, टाळ्या पडल्या.

पूल झाला आणि थोड्याच वर्षांत पडला. जवाहर नावाचे शेतकरी सकाळी दुधाच्या किटल्या घेऊन मोटारसायकलवरून डेअरीला चालले होते. पूल मधोमध खचला. जवाहर वाचले नाहीत. त्यांच्या पत्नी पद्मावतीकाकू कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवत राहिल्या. सगळीकडे एकच उत्तर मिळे, पूल पुराने पडला. "पूर आलाच न्हवता," काकू म्हणत. ते कोणी लिहून घेत नसे.

निवडणूक आली. त्याच गावात लालासाहेबांची सभा ठरली. आदल्या दिवशी काकू दुकानात आल्या.

"भाऊ, उद्या मला माईक द्या. एकदाच."

निजामभाई हातातली वायर गुंडाळत राहिले. त्यांचे निम्मे दुकान मंत्र्यांच्या सभांवर चालत होते. आतून अख्तरबी म्हणाली, "द्या तिला. मंडप पुन्यांदा उभा करता येतोय. तिचं माणूस गेलंय."

सभेत लालासाहेब म्हणाले, "निसर्गाच्या कोपापुढं कुणाचं चालतं?" भाषण संपवून ते खुर्चीत बसले. निजामभाईंनी मला स्टँडवरून काढले आणि वायर ओढत खाली बायकांच्या बाजूला नेले. पद्मावतीकाकू उभ्या राहिल्या. त्यांचा हात थंड होता, पण घट्ट होता.

"साहेब, पूल पडला तवा वढ्यात घोट्याएवढं पानी हुतं. आन् ह्यो बघा तुमचा पूल."

त्यांनी पिशवीतून पुलाचा एक तुकडा काढला, माझ्याजवळ धरला आणि मूठ आवळली. तुकडा चुरला. वाळू खाली सांडली. तो भुरभुर आवाज मी सगळ्या कर्ण्यांतून गावभर पोहोचवला.

"बंद कर रं त्यो माईक!" लालासाहेब ओरडले.

निजामभाई आता कर्ण्यांच्या मशीनपाशी, बटणावर हात ठेवून उभे होते. "न्हाई साहेब. बाई बोलत्यात."

मग म्हातारे कोंडीबा काठी टेकत उठले. "आमच्या शाळेची भिंतबी असलीच हाय. तिचंबी सांगा." त्यांच्यामागून आणखी लोक उठले. मी या हातातून त्या हातात फिरत राहिलो. लालासाहेब मागच्या बाजूने निघून गेले.

त्या संध्याकाळी त्यांच्या माणसांनी मंडप फाडला, मला पायाखाली घेतले. माझी जाळी चेपली. दुकानाची कामे थांबली. अख्तरबीने शिवणयंत्रावर घर चालवले, पण ती दोघे मागे हटली नाहीत. लोकांनी मोबाइलवर टिपलेली ती सभा जिल्हाभर पोहोचली. काकू कोर्टात गेल्या. पुलाचे तुकडे तपासले गेले. लालासाहेबांचे मंत्रिपद गेले, ते निवडणूक हरले आणि नानासोंबरोबर त्यांनाही अटक झाली.

जामिनावर सुटल्यावर लालासाहेब एकदा दुकानासमोर थांबले. निजामभाई म्हणाले, "या, बसा. चहा घ्या."

"बसायला तोंड न्हाई रं," ते म्हणाले आणि एकटेच निघून गेले. मला त्यांचा राग होता, तरी त्या क्षणी वाईट वाटले.

आता नव्या पुलाचे काम चालू आहे. सिमेंट कालवताना पद्मावतीकाकू तिथे उभ्या असतात. ग्रामसभेला निजामभाई मला घेऊन जातात आणि थेट लोकांमध्ये फिरवतात.

मित्रांनो, मला ओल्या हाताने धरू नका, माझ्या वायरला पीळ पडू देऊ नका. आणि एखाद्या सभेत मी व्यासपीठावरच अडकून पडलेला दिसलो, तर उठा, पुढे या आणि मला मागून घ्या. तुमचा आवाज बारीक असला तरी चालेल. तो मोठा करायचे काम माझे आहे. तुम्ही फक्त खरे बोला.