एल्सीची तीन पत्रे

मित्रांनो, मी एक जुना बिस्किटांचा डबा आहे. माझ्या झाकणावरच्या बारशिंग्याचे एक शिंग घासून गेले आहे. पीटरहेड बंदरातल्या या घरात आलो तेव्हा मी चकचकीत होतो. नाताळात बिस्किटे संपली आणि एल्सी माझ्यात पत्रे ठेवू लागली. तिचा नवरा अलास्टर समुद्रातल्या तेलविहिरीवर कामाला. तीन आठवडे तिकडे, तीन आठवडे घरी. पत्रांना तो हात लावत नसे.

एकदा गर्भाशयमुखाच्या तपासणीचा निकाल आला. एल्सीने उभ्यानेच वाचला. विषाणू आढळला आहे, पेशींत बदल नाही, वर्षाने पुन्हा तपासणीला या. हा विषाणू शरीरसंबंधातून येतो, एवढे तिला ठाऊक होते.

"बावीस वर्षं झाली लग्नाला. मी कुठे गेले नाही, मग हे आणलं कुणी?" असे म्हणत तिने पत्र माझ्या तळाशी दडपले.

अलास्टर घरी आला. "काय गं, तोंड का फुगलंय?"

"तुझ्या तिकडच्यांना विचार."

तो हसला. पुढे पुढे हसायचाही थांबला.

दुसऱ्या वर्षी बोलावणे आले, तिसऱ्या वर्षीही आले. दवाखान्यात सगळी ओळखीची माणसे, पुन्हा त्या विषाणूचे नाव निघेल, म्हणून ती गेली नाही. ती पत्रेही मी पोटात ठेवली. चौथ्या वर्षी अंगावरून रक्त जाऊ लागले. तोवर कॅन्सर पसरला होता.

घरी येणाऱ्या नर्सबाईंना एल्सीने पहिले पत्र दाखवले. त्या म्हणाल्या, "अहो, हा विषाणू वीस-तीस वर्षंही गुपचूप राहतो. लग्नाआधीचाही असेल. कुणामुळे, ते कुणालाच सांगता येत नाही. आणि तेव्हा तुमच्या पेशी ठीक होत्या. नुसतं लक्ष ठेवायचं होतं."

एल्सीने पत्राची घडी घातली. "मग चार वर्षं मी त्याच्याशी धड बोलले नाही, ते कशासाठी?"

मार्चमध्ये ती गेली. अलास्टरने मला उघडले, तिन्ही पत्रे वाचली. "एकदा विचारायचंस तरी, एल्सी," म्हणून तो रडला. मला बोलता येत नाही, याचे इतके दुःख मला कधी झाले नव्हते.

परवा त्यांच्या मुलीच्या, कर्स्टीच्या नावे तपासणीचे पत्र आले. वाचून तिने गुपचूप माझे झाकण उचलले.

"डब्यात नको," अलास्टर म्हणाला. "इथे बस. मोठ्यानं वाच."

"विषाणू आढळला आहे, बाबा. पेशींत बदल नाही. वर्षाने या."

त्याने भिंतीवरचे कॅलेंडर काढले. त्यात पुढचे वर्ष नव्हते, म्हणून मागच्या कोऱ्या बाजूवर त्याने तारीख लिहिली.

मित्रांनो, माझ्यात बिस्किटे ठेवा.