बंबात न गेलेली गाठ

मी ब्रायरच्या मुळाची गाठ बोलतेय. माझं झुडूप समुद्रापलीकडच्या डोंगरात वाढलं. तिथे मला खणून काढलं, उकळलं आणि वर्षानुवर्षं सावलीत वाळवलं. माझं लाकूड सहजासहजी जळत नाही, म्हणून तंबाखू ओढायचा पाईप माझ्यापासून करतात. एवढं सगळं सोसून मी कुरिअरने वारज्याला आले आणि आधी दिसला तो अंघोळीच्या पाण्याचा बंब. त्यात माझीच बिघडलेली भावंडं जळत होती.

माझा कारागीर वैजनाथ. हयातभर तो कारखान्यात पॅटर्नमेकर होता. लोखंड ओतण्याआधी वाळूत साचा उठवायला लाकडाची हुबेहूब वस्तू लागते, ती तो करायचा. साचा उठला की लाकूड अडगळीत, नाव लोखंडाचं. निवृत्त झाल्यावर तो इरेला पेटला. आता अशी वस्तू करायची, जी शेवटपर्यंत लाकडाचीच राहील.

पण प्रत्येक पाईप एकाच ठिकाणी फसायचा. तोंडात धरायची काळी, एबोनाइटची म्हणजे कडक रबराची दांडी तो तयार आणायचा, आणि ती भोकात डुगडुगायची. दोरा गुंडाळून, मेण लावून भागलं असतं. तसली ठिगळं त्याला मान्य नव्हती. तो सरळ बंबाकडे जायचा.

माझ्याही पोटात वाटी कोरून झाली, मानेत भोक पडलं. दांडी घातली. डुगडुगली. मी मनातून हबकले.

त्याची बायको आनंदी शेजारी ब्लाउज बेतत होती. तिने त्याची स्टीलची पट्टी सहज आपल्या टेपशेजारी ठेवली.

"अहो, तुमचा सेंटिमीटर वेगळा असतो का?"

वैजनाथने वाकून दोन्हींवरच्या खुणा जुळवून पाहिल्या. ती कारखान्यातली पट्टी होती. ओतलेला धातू थंड झाला की आकसतो, म्हणून तिच्यावरच्या खुणांमधलं अंतर मुद्दाम थोडं मोठं असतं. सवयीने त्याने भोकाचं माप कॅलिपरने तिच्यावरूनच घेतलं होतं, दर वेळी; विकतची दांडी मात्र खऱ्या मापाची.

"अगं, लोखंडासाठी असते ती," तो हळू आवाजात म्हणाला.

"मग लाकडाला कशाला लावताय? ते काय वितळणार आहे?"

त्याने पट्टी कपाटात टाकली आणि मला हातात घेतलं. मला वाटलं, आता बंब. पण तो म्हणाला, "भोक मोठं झालंय ना, मग दांडी मी स्वतः करतो."

एबोनाइटचा जाड तुकडा त्याने लेथवर लावला. घासायचा, बसवून बघायचा, पुन्हा घासायचा. माझं अंग कानशीने, पॉलिशपेपरने गुळगुळीत केलं. वरच्या काठावरची माझी खडबडीत साल मात्र तशीच ठेवली. कारखान्यात असा खडबडीतपणा चालला नसता. इथे त्याचाच शब्द शेवटचा.

आज दांडी बसली. त्याने ओढून पाहिली, हलली नाही. मग आनंदीकडे दिली. तिने जोर लावला, पिळून पाहिली, सालीवरून एकदा अंगठा फिरवला आणि मला टेबलावर ठेवलं.

"बंबाला दुसरं काहीतरी बघा," ती म्हणाली.

उद्या मला कोण विकत घेईल, ठाऊक नाही. तंबाखू भरा, नाहीतर रिकामीच तोंडात धरा. एवढंच सांगते, मी कशाच्याही साच्यासाठी नाही. मला लाकूडच म्हणा.