ड्रमंड पाळकांच्या पायाखालचा पाट

मित्रांनो, मी एक जुना पाट आहे. जेवायला बसायचा नव्हे, बोलायला उभे राहायचा. माझ्यावर कोणी मांडी घातली नाही, माझ्याभोवती कोणी रांगोळी काढली नाही. माझ्या वाट्याला बूट आले. काळे, साधे, डाव्या टाचेकडून झिजलेले. त्यामुळे मी सांगेन ती गोष्ट पायांच्या बाजूने सांगेन. चेहऱ्यांबद्दल मला फार विचारू नका.

त्या बुटांचे मालक रेव्हरंड अ‍ॅन्सेल ड्रमंड. एल्म फोर्क गावातल्या प्रेस्बिटेरियन मंडळीचे पाळक आणि पुढे आमच्या राज्याच्या सिनेटचे चॅप्लेन, म्हणजे त्या सभागृहासाठी प्रार्थना करणारे पाळक. माणूस उंचीने बेताचा. बेताचा म्हणजे किती, तर...

थांबा. आधी माझा जन्म सांगतो. तो त्यांच्या उंचीमुळेच झाला.

*

नवे पाळक आले त्या पहिल्या रविवारी मंडळीला आवाज ऐकू आला, पण व्यासपीठाच्या लाकडी कठड्यावरून दिसला तो फक्त नीट पाडलेला भांग. व्यासपीठ आधीच्या ताडमाड पाळकांच्या मापाचे होते. मागच्या बाकावर कोणीतरी शेजाऱ्याला विचारले, "पाळक आलेत, की नुसतंच प्रवचन पाठवलंय?"

सगळे हसले. पुढचे दोन बाक हसले नाहीत. तिथे गावातल्या मूकबधिर शाळेची मुले बसत. पाळकांची पत्नी ओपल त्याच शाळेत शिक्षिका होती. ती बाजूला उभी राहून नवऱ्याचे प्रवचन हातांनी सांगत होती. पण मुलांना बोलणाऱ्याचे ओठही पाहायचे असतात. एका मुलीने व्यासपीठाकडे बोट दाखवून ओपलला खुणेने विचारले, "आज लाकूड बोलतंय का?"

मग मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडीलजनांची सभा बसली. आमच्या मंडळीत पाऊस मागायचा तरी आधी समिती नेमतात. पाट असावा का, असल्यास किती उंच असावा, उंचावर उभे राहून पाळकांच्या मनात गर्व तर शिरणार नाही ना, यावर तीन सभा झाल्या. तोवर ऑरव्हिल टेट या वडीलजनांनी गोठ्याशेजारच्या खोलीत मला तयार करूनही टाकले होते. ऑरव्हिल गव्हाचे शेतकरी. सुतारकाम हाताला होते आणि सभांमध्ये दम धरणे मुळीच नव्हते. गारपिटीत मोडलेल्या बाकाचे ओकचे लाकूड त्यांनी वापरले. मला मंजुरी मिळाली तेव्हा मी काम करू लागून दोन रविवार झाले होते. त्या मंजुरीचे अनुमोदन ऑरव्हिल यांनीच दिले, आणि तेही अगदी गंभीर चेहऱ्याने.

माझ्यावर पहिल्यांदा चढल्यावर पाळक समोर पाहून म्हणाले, "अरेच्चा! तुम्ही एवढे जण होतात होय?"

त्या दिवशी पुढचे बाकही हसले.

*

माझी उमेदीची वर्षे.

बारसे, लग्न, अंत्यविधी. ओले बूट, चिखलाचे बूट, एकदा घाईघाईत दोन वेगळ्या जोड्यांतले बूट. पाळकांना काही सांगायला जड जात असे तेव्हा ते उजव्या पायावरचा भार डाव्यावर घेत आणि मी कुरकुरे. लोकांना वाटे लाकूड जुने झाले. मला ठाऊक असे, आता एखाद्या आईला तिचा मुलगा परत येणार नाही हे सांगायचे आहे.

*

पुढे सिनेटला चॅप्लेन हवा होता. कोणीतरी ड्रमंडांचे नाव सुचवले. हिवाळी अधिवेशन सुरू झाले की ते सोमवारी मला गाडीच्या मागच्या सीटवर टाकून राजधानीला नेत आणि शनिवारी परत आणत. तिथले व्यासपीठ संगमरवरी होते. पहिल्या सकाळी पहारेकरी मला पाहून म्हणाला, "पाळकसाहेब, हे खोकं कसलं? आत काय आहे?"

"आत काही नाही. वर मी असतो," ड्रमंड म्हणाले.

मित्रांनो, चॅप्लेनचे काम दिसायला सोपे. रोज सकाळी सभागृहाचे कामकाज प्रार्थनेने उघडायचे. त्यांचे 'आमेन' झाल्याशिवाय सभापती हातोडा आपटत नसत, आणि प्रार्थना चालू असताना मध्ये बोलायची कोणाला परवानगी नसे. एवढ्या मोठ्या विधानभवनात एवढी सत्ता दुसऱ्या कोणाकडेही नव्हती. ड्रमंडांनी ती कधी वापरली नाही. त्यांची प्रार्थना कॉफी निवायच्या आत संपे. देवाला सगळे आधीच माहीत असते, त्याला भाषण कशाला, असे ते म्हणत. सिनेटरांना ही गोष्ट फार आवडे. बहुतेकांना प्रार्थनेपेक्षा तिचा शेवट जास्त आवडे.

खरे काम नंतर सुरू होई. एक दिवस या पक्षाच्या टेबलावर जेवायचे, दुसऱ्या दिवशी त्या. कोणाचा घटस्फोट, कोणाचे ऑपरेशन, कोणाचे दारूचे व्यसन. मी हे पाहिले नाही, मी व्यासपीठामागेच असे. पण संध्याकाळी सभागृह रिकामे झाले की एखादा सिनेटर येऊन माझ्याच कडेवर बसे, शेजारी पायरीवर ड्रमंड बसत, आणि पहारेकरी दिवे मालवायला येईपर्यंत दोघे तिथेच असत.

एकदा वर्तमानपत्रात त्यांचे छायाचित्र आले. छान होते म्हणतात. गुडघ्यापर्यंत होते.

*

आता ती सकाळ.

एल्म फोर्कची मूकबधिर शाळा बंद करून मुलांना दूरच्या मोठ्या शहरातल्या संस्थेत पाठवायचे, असे विधेयक आले होते. मुले पाच-सहा वर्षांची, घरापासून दिवसभराच्या वाटेवर. त्या सकाळी पहिलेच मतदान त्याचे होते. सभागृह अगदी अर्धेअर्ध दुभंगले होते. विधेयकाच्या विरुद्ध असलेल्या सिनेटर विल्मा लिंडक्विस्ट आल्या तर मते समसमान होणार होती, आणि समसमान मतांवर आमच्याकडे विधेयक पडते. त्या आल्या नाहीत तर ते एका मताने मंजूर.

विल्माबाई बर्फात अडकल्या होत्या. वाटेतल्या पेट्रोल पंपावरून त्यांचा फोन आला होता: गाडी खड्ड्यात गेली होती, आता बर्फ काढणाऱ्या गाडीच्या मागोमाग येतेय, सभा सुरू व्हायच्या आत काही पोचत नाही.

ड्रमंड मला उचलून सभागृहात नेत होते, तेवढ्यात आदल्याच दिवशी गावाहून आलेल्या ऑरव्हिल टेट यांनी दारापाशी त्यांची बाही धरली.

"अ‍ॅन्सेल, आज जरा लांबव."

"काय लांबवू?"

"वेड पांघरू नकोस. प्रार्थना! मोशेपासून सुरू कर. सगळे संदेष्टे घे. तू आमेन म्हणेपर्यंत कोणी तुझं काही वाकडं करू शकत नाही. विल्मा येईपर्यंत बोलत राहा, बस्स."

"ऑरव्हिल, ती प्रार्थना नसेल रे."

"मग काय असेल?"

"दाराला लावलेला अडसर."

"असू दे की अडसर! पलीकडे मुलं आहेत ना!" ऑरव्हिल यांचा आवाज चढला. "आपल्या पुढच्या दोन बाकांवरची मुलं आहेत ती. तुझी ती दोन ओळींची प्रार्थना एवढी सोवळ्यातली आहे का, की तिच्यापायी त्यांना ट्रकात भरून पाठवायचं?"

ओपल जवळच उभी होती. तिच्याबरोबर आलेली शाळेतली काही मुले वर प्रेक्षकांच्या गॅलरीत बसली होती. पाळकांनी तिच्याकडे पाहिले असावे, कारण ती म्हणाली, "मला विचारू नकोस, अ‍ॅन्सेल. मला विचारशील तर मी सांगेन, त्यांच्यासाठी तू खोटंसुद्धा बोल. म्हणून म्हणते, मला विचारू नकोस."

आणि ती जिना चढून गेली.

*

पाळक माझ्यावर चढले.

भार उजव्यावर.

भार डाव्यावर. मी कुरकुरलो.

पुन्हा उजव्यावर.

मी लाकूड आहे, पण त्या क्षणी मलाही वाटले, बोला. मोशे घ्या, नोहा घ्या, हवे तर प्रलयातल्या त्याच्या तारवातले प्राणी एकेक करून मोजा. मी तुम्हाला दुपारपर्यंत धरून ठेवतो.

दोन्ही पाय सारखे टेकले. ते म्हणाले:

"हे प्रभू, आमच्यापैकी एक जण बर्फाच्या रस्त्यावर आहे. तिची गाडी रस्त्यावर ठेव. आणि आम्ही आज जे काही करू, ते तिच्या तोंडाकडे पाहून करता येईल असं असू दे. आमेन."

हातोडा पडला.

गॅलरीतून कोणाची तरी खुर्ची जोरात सरकल्याचा आवाज आला. ते ऑरव्हिल होते, हे मला नंतर कळले. ते उठून बाहेर गेले.

*

सभापतींनी नावे पुकारायला सांगितले. पहिले नाव पुकारायच्या आत एक खुर्ची करकरली. सिनेटर हॉबर्ट मॅकनीली उभे राहिले. हे विधेयकाच्या बाजूचे, आणि विल्माबाईंचे जुने वैरी. दोघांनी एकमेकांना सभागृहात काय काय म्हटले होते ते मुलांसमोर सांगण्यासारखे नाही.

"सभापती महोदय," ते म्हणाले, "माझ्या नावापुढे काही लिहू नका. मी सिनेटर लिंडक्विस्ट यांच्याशी जोडी जमवतोय."

सभागृहात एक जुनी रीत होती. कोणी अडचणीमुळे येऊ शकले नाही, तर विरुद्ध बाजूच्या एखाद्याने आपलेही मत राखून ठेवायचे, म्हणजे हिशेब फिटला. याला जोडी म्हणत. सक्ती कोणावर नव्हती. निवडणुकीच्या वर्षात तर ती कोणाला आठवतही नसे.

मॅकनीलींच्या बाजूच्या कोणीतरी ओरडून विचारले, "हॉबर्ट, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"आहे. मला ती शाळा बंदच व्हायला हवी आहे," मॅकनीली म्हणाले. "पण बाई खड्ड्यात गाडी घालून बसली असताना मी जिंकलो, तर पुढची वीस वर्षं ती मला ते ऐकवेल. आणि ती शुद्धीवर असताना माझ्याशी जोडी कधीच जमवणार नाही, तेव्हा हीच संधी."

लोक हसले. मग नावे पुकारली गेली. मते समसमान. विधेयक पडले.

वर गॅलरीत मुलांनी हात उंच करून हवेत हलवले. ते टाळ्या वाजवतात ते असे. मला काही ऐकू आले नाही. पण व्यासपीठावरच्या माणसाने वर पाहायला टाचा उचलल्या, ते मला नीट कळले.

*

विल्माबाई आल्या तेव्हा त्यांच्या बुटांचा बर्फ माझ्याजवळच वितळला. "झालं? कोण जिंकलं?" त्यांनी विचारले. सगळे कळल्यावर त्या मटकन खाली बसल्या. "मॅकनीली? म्हणजे आता मला त्या माणसाशी गोड बोलावं लागणार? देवा, त्यापेक्षा खड्ड्यात ठेवायचं होतंस!"

ऑरव्हिल मात्र खूश नव्हते. "समजा, हॉबर्ट उठलाच नसता तर?" त्यांनी दारात विचारले.

"तर मी घरी येऊन त्या मुलांच्या आयांना तोंड दाखवलं असतं," ड्रमंड म्हणाले.

"आणि?"

"आणि काय. तू माझ्याशी बोलला नसतास."

"तसा तर मी आत्ताही बोलत नाहीये," ऑरव्हिल म्हणाले आणि मला त्यांच्या हातातून काढून घेऊन गाडीपर्यंत स्वतः नेले.

विधानभवनात पुढे बरेच दिवस बोलले गेले, की त्या छोट्या पाळकाने फार चलाख प्रार्थना केली. ड्रमंडांना कोणी विचारले तर ते म्हणत, रस्ता घसरडा होता, म्हणून प्रार्थना केली. मी त्यांच्या पायाखाली होतो. त्यांना पुढचे काही ठाऊक नव्हते, एवढी साक्ष मी देऊ शकतो.

*

नंतरचे लवकर सांगतो. पाळक थकले, निवृत्त झाले. नवे चॅप्लेन उंच होते. मला विधानभवनाच्या कोठीत ठेवले, माझ्यावर रंगाचे डबे ठेवले. एका हिवाळ्यात ड्रमंड पाळक गेले. अंत्यविधीला मॅकनीली आणि विल्माबाई एकाच बाकावर बसले होते, असे कोठी झाडणाऱ्यांच्या बोलण्यातून समजले. मला कोणी नेले नाही. थोडे वाईट वाटले. पण तक्रार नाही; ज्याचा भार आवडला अशा माणसाखाली माझी उमर गेली. हे किती लाकडांच्या नशिबी येते?

मग ओपलने माझी चौकशी केली आणि मला एल्म फोर्कच्या शाळेत आणून ठेवले. शाळा आहे. चालू आहे. मी हात धुवायच्या बेसिनखाली असतो, कारण सगळ्यात लहान वर्गाचा हात नळापर्यंत पोचत नाही.

मित्रांनो, दोन विनंत्या. तुम्हाला कधी बोलायला उंच जागा मिळाली, तर लवकर उतरा. कोणीतरी दुसरा उठायचा असतो, त्याला तेवढी फट लागते. आणि दुसरी माझ्यापुरती: मला ओला ठेवू नका. पाणी सांडले की फडक्याने पुसा. ओक सगळे सोसतो, पण साचलेले पाणी त्याला आतून खाते.

आज सकाळी एक चिमुकली माझ्यावर चढली. बूट लाल, नवे, फीत सुटलेली. तिने नळ पूर्ण सोडला, निम्मे पाणी माझ्यावर सांडले आणि बाहेर दिवा लुकलुकताच, ही इथली शाळेची घंटा, हात न पुसता धावत वर्गात गेली.

मी चिंब भिजलो आहे. मी फार आभारी आहे. तेवढे फडके मात्र घेऊन या.