शेजारणीचे तास

टक्!

ओट्यावर थंड होत असलेल्या बरण्यांपैकी एकीचं झाकण आत ओढलं गेलं. बरणीतला घेवडा नीट हवाबंद झाल्याची ती खूण. एरवी हा आवाज ऐकला की रेना कॉडिलला समाधान वाटायचं. आज ती दचकली. समोर कागदांचा गठ्ठा पसरला होता, आणि त्यात कामाचं म्हणावं असं काहीच नव्हतं.

कोळशाची खाण बंद झाल्यापासून ओस पडलेल्या शाळेत लोणची-मुरंब्यांचं मोठं स्वयंपाकघर उभं करायला सरकार अनुदान देणार होतं. गावाने आपला वाटा श्रमाने द्यायचा. तो तर केव्हाच देऊन झाला होता! मार्चपासून सगळा पायपर्स क्रीक गाव शाळेत राबत होता. आता फक्त प्रत्येकाने काय काम केलं, किती तास केलं, ते लिहून सही करायची होती. आज पाचपर्यंत ते कागद रेनाने पाठवायचे होते.

हर्शेल काकांनी अख्खं छप्पर घातलं होतं. त्यांच्या कागदावर होतं, "जरा वर चढलो होतो." व्हर्डी आजीने चौदा खिडक्या खरवडून रंगवल्या होत्या. तिने लिहिलं होतं, "बसले होते. हवा छान होती."

हे कागद असेच गेले असते तर अनुदान परत गेलं असतं. स्वयंपाकघर नाही म्हणजे तिथली रेनाची नोकरी नाही. मग बिऱ्हाड हलवायचं, तिकडे ओहायोत गोदामात कामाला गेलेल्या नवऱ्याने, डेलने, पाहून ठेवलेल्या दोन खोल्यांत. घरमालकाला उद्या उत्तर द्यायचं होतं.

तिने सहा वर्षांच्या लेकीचं, हेझलचं, बखोट धरलं, गठ्ठा काखेत मारला आणि शाळा गाठली. दारात हर्शेल काका बिजागऱ्यांना तेल देत होते. व्हर्डी आजी पायरीवर बसून घेवड्याच्या शिरा काढत होती.

"काका, हे काय लिहिलंय तुम्ही?"

"खोटं आहे का? चढलोच होतो."

"किती तास?"

"शेजाऱ्याच्या कामाचे तास मोजतात होय? माझ्या बापाने खाणीत मोजले. तिथे मुकादम होता म्हणून. इथे कोण मुकादम? तू?"

"मी नाही हो. सरकार."

"मग सरकारला म्हणावं, वर चढून बघ."

"आजी, तू तरी लिही गं."

"माझ्याच हाताने लिहू, मी एवढं केलं, तेवढं केलं? आमच्या आईने थोबाड फोडलं असतं. रविवारी चर्चमध्ये तोंड दाखवायचंय मला."

रेना मटकन पायरीवर बसली. डोळे भरून आले. हेझलसमोर रडायचं नाही म्हणून ती घेवड्याच्या टोपलीकडे बघत राहिली. पण आजीच्या नजरेतून काय सुटतंय?

"बघ, रडवलंस पोरीला," ती हर्शेल काकांवर घसरली. "जरा चढलो होतो म्हणे! अकरा दिवस चढला होता, रेना. सकाळी सातला चढायचा आणि दुपारी एकला उतरायचा. व्हरांड्यातून सगळं दिसतं मला. त्यातला रोजचा अर्धा तास तंबाखूचा वजा कर."

"अर्धा?" काका तेलाचा डबा आपटत म्हणाले. "पाव! आणि ही बसली होती म्हणे! नऊ दिवस खिडक्यांना लटकली होती, संधिवाताचा गुडघा घेऊन. रोज पाच तास. शिवाय तोंड चालू होतं, ते वेगळं."

रेनाने नाक पुसलं आणि मोबाइलला रेंज येणाऱ्या शाळेच्या एकमेव खिडकीतून अनुदान कार्यालयात फोन लावला. स्वतःचं स्वतः न लिहिता, डोळ्यांनी पाहणाऱ्याने लिहून सही केली तर चालेल का? पलीकडच्या बाई म्हणाल्या, "साक्षीदार खात्रीचा असेल तर चालेल."

खात्रीचा! पायपर्स क्रीकमध्ये कुणाकडे किती वाजता दिवा मालवतात हेसुद्धा साक्षीदारासकट मिळतं.

तासाभरात शाळेपुढे रांग लागली. स्वतःबद्दल अवाक्षर न काढणारी माणसं शेजाऱ्यांबद्दल ओसंडून बोलू लागली. कुणी कोणती भिंत रंगवली, मधे किती वेळा फोनवर बोलला, कुणाचा मक्याचा पाव कच्चा होता पण आणला मात्र रोज. एक बाई दिराच्या बाजूने साक्ष द्यायला आली. त्याच्याशी ती चार वर्षं बोलत नव्हती. "बोलत नाही म्हणजे बघत नाही असं थोडंच आहे?" असं म्हणून तिने ठसक्यात सही केली.

शेवटच्या कागदावर आजीनेच नाव घातलं: रेना कॉडिल. "रोज. पोरगी पायात घुटमळत असताना. तास मोजता आले नाहीत, मलाच डुलकी लागायची." काकांनी खाली अंदाजे आकडा टाकला आणि सही ठोकली.

 त्याच खिडकीत उभी राहून रेनाने एकेक कागदाचा फोटो पाठवला. पाचला दहा मिनिटं कमी असताना उत्तर आलं: श्रमांचा वाटा पुरेसा, मंजूर.

तिने डेलला फोन केला. "त्या खोल्या नको सांग." पलीकडे त्याने मोठ्याने सुटकेचा श्वास सोडला. 

हेझल कागद गोळा करत होती. नुकतंच वाचायला शिकली होती, त्यामुळे दिसेल ते वाचायची. एका कागदाच्या डोक्यावरचं ती बोट ठेवून जुळवू लागली. "आर्थिक-दृष्ट्या... खच-लेला... भाग. म्हणजे काय गं, आई?"

"म्हणजे आपला गाव. गरीब आहे असं."

हेझलने गठ्ठा दोन्ही हातांनी उचलून पाहिला. जड होता. तिने आईकडे मान वर केली.

"सगळ्यांनी एवढं काम केलं, तर मग आपण गरीब कसे?"